अनुभव धागा: घरातलं सामान, किती ठेवलं आणि किती काढलं

कमी वस्तूंत राहण्याबद्दल आता मराठी घरांतही बरंच बोललं जातं. मोकळ्या भिंती, एकसारख्या बरण्या, रिकामा ओटा. मला अशी घरं मनापासून आवडतात. पण आपल्या घरातल्या कितीतरी वस्तू आपण विकत घेतलेल्याच नसतात. आहेरात, रुखवतात, बारशाला आलेल्या, कुणाच्या तरी माघारी वाटणीला आलेल्या. त्यातली एक काढायची म्हटली की नणंदेला काय वाटेल, आईला काय वाटेल, तिथून सुरुवात होते.

आणखी एक प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ठेवलेल्या वस्तूची निगा कोण राखतं? "राहू दे, टाकू नकोस" म्हणणारा एक आणि दिवाळीआधी स्टुलावर चढून ती पुसणारी दुसरीच, असं बहुतेक घरांत दिसतं. आमच्याकडे आता ठरलंय की जो "राहू दे" म्हणेल त्यानेच ती वस्तू पुसायची, उन्हात घालायची, परत जागेवर ठेवायची. नवऱ्याने हे मनावर घेतलं. कॉलेजच्या वह्या, बंद पडलेले रेडिओ, मिक्सर-टीव्हीची रिकामी खोकी त्याने स्वतःहून बाहेर काढली. सासऱ्यांचा टाइपरायटर मात्र ठेवला, आणि त्याला तेलपाणी तोच करतो. मला हे फार पटलं.

तुम्ही काय ठेवलं, काय काढलं, काढलेलं नेमकं कुठे गेलं आणि घरात त्यावर बोलणं कसं झालं, ते लिहा. नुसता सल्ला नको, घडलेलं सांगा.

डोंबिवली

आजीच्या माघारी तांब्यापितळेची भांडी आमच्याकडे आली. बंब, घंगाळ, दोन हंडे, कळशा, पराती, एकात एक बसणाऱ्या पातेल्यांचा संच. टू बीएचकेमध्ये कुठे ठेवणार? मोडीत द्यायची म्हणून भांडीवाल्याकडे चौकशी केली. तो वजन करतो, त्यातून घट म्हणून थोडं वजा धरतो आणि नुसत्या धातूचा भाव देतो. ठोक्याच्या कामाची किंमत त्यात शून्य. ते ऐकून काका म्हणाले, थांबा.

मग आम्ही सगळे चुलतभाऊ-बहिणी एका रविवारी जमलो. प्रत्येकाने रोज वापरणार असेल तेच न्यायचं, शोभेसाठी काही न्यायचं नाही, एवढी एकच अट. मी पितळेची दोन पातेली घेतली, कल्हई करून आणली आणि आता आमटी त्यातच होते. कल्हई उडत आली की आंबट पदार्थ त्यात करू नयेत, हे आईने बायकोलाही सांगितलं आणि मलाही, कारण स्वयंपाक दोघं करतो. बहिणीने तांब्याचा हंडा पुण्याला कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेऊन चेपलेला भाग ठोकून घेतला. तिथे अजून हे काम जाणणारी माणसं आहेत, ही माहिती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. उरलेली भांडी मोडीत गेली आणि कुणाला वाईट वाटलं नाही.

वरळी, मुंबई

माझं सगळं बालपण बीडीडी चाळीत गेलं. 1920च्या दशकात बांधलेल्या इमारती, 160 चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही सात माणसं. इतक्या लहान जागेत सामान कमी असेल असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर आमच्याकडे सामान भरपूर होतं, फक्त प्रत्येक इंचाचा हिशेब होता. पलंगाच्या पायांखाली विटा, कारण पलंग उंच झाला की खाली आणखी एक ट्रंक बसते. माळ्यावर गाद्या. गॅलरीत पाण्याची पिंपं आणि सायकल. सार्वजनिक पूजेची भांडी, सतरंज्या मंडळाच्या, त्या कुणाच्याच घरात नसायच्या.

पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर मिळालं. तिथे मजल्यावरच्या वाटेत काही ठेवता येत नाही, आग लागली तर माणसांना पळायला जागा हवी म्हणून, आणि ते बरोबरच आहे. घर तिप्पट झालं तरी गॅलरी गेली, त्यामुळे बरंच सामान काढावं लागलं. आईची खरी अडचण पिंपांची होती. चाळीत पाणी ठरावीक वेळी यायचं, त्यामुळे पिंप भरलेलं असणं हीच तिची निश्चिंती. नव्या घरात नळ सोडला की पाणी येतं, तरी तिने एक पिंप बाथरूममध्ये ठेवून घेतलं होतं. आम्ही कुणी काही बोललो नाही. काही महिन्यांनी तिनेच ते खालच्या वॉचमनला दिलं.

यावरून माझं मत पक्कं झालं आहे. साठवणारी माणसं हौसेने साठवत नाहीत. ज्याची खात्री नसते ते माणूस घरात भरून ठेवतं. खात्री येऊ द्या, वस्तू आपोआप जातात.

गडहिंग्लज

वरळीच्या दादांशी शंभर टक्के सहमत, आणि थोडं पुढचं. शहरात कमी सामानात राहता येतं कारण दुकान जिन्याखाली असतं आणि दहा मिनिटांत माणूस दारात येतो. आमच्या घरी वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी, तिखट, पापड-कुरडया सगळं उन्हाळ्यात भरून ठेवतात. गव्हाच्या कणगीत कडुनिंबाचा पाला. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाट बंद. ती कोठीची खोली कुणाला पसारा वाटली तर वाटू द्या. आई त्या खोलीची रोज झाडलोट करते, भरलेल्या तारखा दारावर खडूने लिहिते, आणि जुना माल आधी संपल्याशिवाय नव्याला हात लावू देत नाही. माझ्या मते नीट चालवलेली कोठी हा पसारा नव्हेच.

टोकियो

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. इथे वस्तू टाकायला पैसे पडतात. 30 सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू असेल तर आधी नोंदणी करायची, कन्व्हिनियन्स स्टोअरमधून स्टिकर विकत आणायचा, वस्तूवर चिकटवायचा आणि ठरलेल्या सकाळी ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी यांच्यासाठी तर 2001पासून वेगळा कायदा लागू आहे, पुनर्वापराचा खर्च वापरणाऱ्यानेच द्यायचा. भारतात भंगारवाला उलट आपल्याच हातावर पैसे ठेवतो, त्यामुळे घेताना आपण वस्तू पुढे कुठे जाणार याचा विचार करत नाही. इथे खुर्ची घेतानाच मी विचारते, ही पुढे कुणाला देता येईल?

आई येते तेव्हा बॅगेत पुरणयंत्र, मोदकपात्र, सोऱ्या असं काही ना काही असतंच. आम्ही जवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी यावर छान तोड काढली. पुरणयंत्र एका घरी, मोदकपात्र दुसऱ्या घरी, सोऱ्या माझ्याकडे. सणाच्या आदल्या आठवड्यात वस्तू फिरतात. आईला आधी हे रुचलं नाही, स्वयंपाकघरातलं उसनं काय मागायचं म्हणून. आता येताना तीच विचारते, "तुमच्यात काय नाहीये?"

चिपळूण

मी जरा वेगळं लिहितेय. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा तळमजला पूर्ण पाण्याखाली होता. आम्ही वर शेजाऱ्यांकडे, म्हणून जीव वाचले. पाणी ओसरल्यावर घरात नुसता गाळ. प्लायवुडची कपाटं फुगून उघडेनात. गाद्या, पुस्तकं, लग्नाचे अल्बम, मुलांच्या मार्कशीटा सगळा लगदा. माळ्यावर जे कोरडं राहिलं ते काय होतं? थर्माकोलची खोकी, तुटकी सुटकेस, जुने पडदे. ज्याला आम्ही वर्षानुवर्षं हात लावला नव्हता तेच वाचलं, आणि लागणारं होतं ते हाताशी म्हणून खालच्या कपाटात, ते गेलं.

सामान कमी झालं की मोकळं वाटतं असं लोक सांगतात. स्वतः निवडून काढलं तर वाटत असेल. नदीने नेलं तर तसं वाटत नाही. मला आजही अधूनमधून एखादी वस्तू आठवते आणि मी कपाटाकडे जाते.

आता घर कसं लावलंय ते सांगते, कारण नदीकाठच्या कुणालाही उपयोग होईल. माळा आम्ही अडगळीला देत नाही. घरातली सगळ्यांत मोलाची जागा तीच. कागदपत्रं प्लास्टिकच्या बंद पिशवीत, ती पिशवी वरच्या फळीवर. वाचलेले फोटो स्कॅन करून दिराकडे आणि माझ्या भावाकडे पाठवलेत. खाली लोखंडी मांडण्या, स्टील आणि पितळ, कारण ती भांडी धुतली आणि दुसऱ्या दिवशी चुलीवर चढली. प्लायवुड पुन्हा केलं नाही. जूनमध्ये आम्ही दोघं आणि मुलगा मिळून खालच्या खणातलं सगळं वर चढवतो, आणि ज्याला वर जागा नाही ते घरात ठेवायचं का, हे तेव्हाच ठरतं.

एक सांगायला हवं. त्या वेळी सगळीकडून मदत आली, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण कपड्यांचे ढीगही आले, फाटके, मळके. ज्यांच्याकडे धुवायला पाणी नाही त्यांना मळका कपडा काय कामाचा?

ठाणे

चिपळूणच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. मी कपडे निवडण्याच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जातो. एकच बूट येतो, लग्नाची शेरवानी येते, ताणलेली अंतर्वस्त्रं येतात. दान म्हणून दिलेला कपडा वेगळा करायलाही कुणाचा तरी दिवस जातो. देण्याआधी धुवा, बटणं-चेन बघा, लहान मुलांचे कपडे मापाप्रमाणे बांधा, साडीबरोबर परकर-ब्लाउज द्या. एवढं केलंत तर ती वस्तू खरंच कुणाच्या अंगावर जाते.

1999मध्ये सुरू झालेल्या गूंज संस्थेची पद्धत मला फार आवडते. गावाने स्वतः ठरवून विहीर, रस्ता असं काम करायचं आणि त्याच्या मोबदल्यात कपडे न्यायचे, म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राहते. घालता न येणाऱ्या सुती कपड्यापासून ते सॅनिटरी पॅडही करतात. बोहारणीलाही कमी लेखू नका. टोपलं घेऊन फिरणारी ती बाई एका नजरेत ओळखते कोणता शर्ट पुन्हा विकला जाईल आणि कोणता चिंधीत जाईल. जुन्या कपड्यांचा एवढा मोठा व्यवहार तिच्या जिवावर चालत आलाय. तिच्याशी एका पातेल्यासाठी घासाघीस करू नये असं मला वाटतं.

तालुक्याच्या ग्रंथालयातून

पुस्तकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पोती घेऊन येतं. वडील गेले, घर विकायचंय, पुस्तकं तुम्ही घ्या. भावना मी समजतो. पण आमच्याकडेही खोल्या दोनच आहेत. कालबाह्य गाइडं, जुनी वार्षिकं, वाळवी लागलेले खंड आम्ही घेतले तर आमची आहेत ती पुस्तकंही धोक्यात येतात. कसर एका पेटीतून अख्ख्या कपाटात पसरते.

आम्हाला खरंच हवं असतं ते बालसाहित्य, चांगल्या स्थितीतले शब्दकोश, गेल्या दोन-तीन वर्षांतली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. आधी यादी करून आणा, आम्ही खुणा करून देतो.

दिवाळी अंकांचं मात्र घाई न करता बघा. 1909 साली 'मनोरंजन'चा अंक निघाला, तिथून ही परंपरा मोजतात, आणि जुन्या अंकांत असं पुष्कळ लेखन आहे जे पुढे पुस्तकात कधी आलंच नाही. तुमच्याकडे सलग वर्षांचे अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) अशा जुन्या संस्थांना विचारा. त्यांच्याकडे नेमका तोच अंक नसेल तर तुमच्या माळ्यावरचा गठ्ठा अभ्यासकाच्या टेबलावर पोचतो. सुटे, अलीकडचे अंक रद्दीत गेले तरी चालतील. मी स्वतः देतो.

नागपूर

आई 78 वर्षांची. तिच्या कपाटाला हात लावला की ती दुखावते. मोठ्या भावाने एकदा ती गावी गेलेली असताना दोन खोकी काढून टाकली. आल्यावर ती काही बोलली नाही, फक्त कपाटाची किल्ली कमरेला लावायला लागली. तेव्हापासून मी ठरवलंय, तिच्यासमोर आणि तिच्या हातानेच.

दुपारी चहानंतर एकच डबा उघडायचा. ती प्रत्येक वस्तूचं सांगते, मी फोनवर रेकॉर्ड करतो. घाई केली नाही की ती स्वतःच नावं घ्यायला लागते: ही वाटी धाकट्या नातीला, हे जरीचं लुगडं मावशीच्या सुनेला, तिला जुन्या जरीची पारख आहे. जुने शालू घेऊन, जर जाळून चांदी काढणारे लोक असतात, त्यांना द्यायला तिने साफ नकार दिला. मऊ झालेल्या सुती साड्या तिने स्वतः निवडून गोधडीला दिल्या. कपाट अजून अर्धं भरलेलं आहे. राहू दे. किल्ली आता पुन्हा खिळ्याला असते.

फोंडा, गोवा

आमचे भाऊबंद पणजी, मडगाव, मुंबईला फ्लॅटमध्ये राहतात आणि तिथे सगळ्यांचं सामान बेताचं आहे. ते शक्य होतं कारण मूळ घर अजून उभं आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे तिथेच जमतो, पन्नासेक पानं उठतात. गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची माटोळीची लाकडी चौकट, मोठे टोप, पाट, समया वर्षभर तिथेच असतात. कोणाच्याही फ्लॅटमध्ये यातलं काही नाही आणि गरजही पडत नाही.

पण ज्या बायका सुट्टी घेऊन आधी चार दिवस जायच्या त्यांनाच सगळं घासावं लागायचं. माझ्या वहिनीने हे सर्वांसमोर स्पष्ट मांडलं आणि तिचं बरोबरच होतं. आता दर घराची वर्गणी असते, त्यातून घासायला-पुसायला गावातली माणसं लावतो, आणि भांड्यांची यादी कोठीच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. कुणी कार्याला नेलं तर तिथे सही करायची. माझ्या वाट्याला यादी आणि वर्गणीचा हिशेब आहे.

डोंबिवलीच्या भाऊंना एक विचारायचं होतं. आमचा सगळ्यांत मोठा तांब्याचा टोप बुडाजवळ गळायला लागलाय. दोन घरं म्हणतात मोडीत देऊ आणि केटररचे टोप आणू, बाकीच्यांना तो दुरुस्त करायचाय. तांबट आळीत एवढं मोठं भांडं घेतात का, की गोवा-सावंतवाडीकडे कुणी गळती बंद करून देणारा माहीत आहे? चवथीआधी ठरवायला हवं.