मदत हवी आहे: पातळ फिल्मचं चुंबकत्व टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) बघायचंय

नमस्कार मंडळी. नांदेडला पीएचडी करतेय. काचेवर स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) कोबाल्ट फेराइट या चुंबकीय ऑक्साइडच्या फिल्म बनवते, जाडी 100 नॅनोमीटरच्या आसपास. व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर) चुंबकत्वाचा लूप मिळतो, पण काचेचा स्वतःचा उलट्या दिशेचा (डायामॅग्नेटिक) सिग्नल वजा करता करता जीव जातो, आणि डोमेन (फिल्ममधले एकाच दिशेने चुंबकित झालेले भाग) तर त्यात दिसतच नाहीत. सर म्हणतात, लॉरेंत्झ मोड (टीईएममध्ये डोमेन बघायची पद्धत) बघ.

आता, नेहमीच्या टीईएममध्ये ऑब्जेक्टिव्ह लेन्सचंच क्षेत्र 2 टेस्लापर्यंत जातं; आपण डोकावायच्या आधीच डोमेन पुसले जाणार. लेन्स बंद ठेवून काम करू देणारं यंत्र बाहेरगावी गाठावं लागेल (म्हणजे रात्रीची गाडी आलीच), तेव्हा नमुना तरी चोख हवा. फिल्म काचेवरून सोलावी, की सरळ सिलिकॉन नायट्राइडच्या खिडकीवरच (इलेक्ट्रॉन आरपार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यावर) स्प्रे करावी? साध्या कार्बन ग्रिडचा (नमुना ठेवायच्या जाळीचा) फवारणीच्या तापमानाला निभाव लागणार नाही. पण नायट्राइडची खिडकी फवाऱ्याने फुटते का हो?

आणखी एक. डिफोकस (मुद्दाम बिघडवलेला फोकस) उलटा केला की डोमेनच्या भिंतीची काळी रेघ पांढरी होते, हे वाचलंय. पण कणांच्या कडाही तसंच करतात ना? मग बारीक कणांच्या फिल्ममध्ये भिंत ओळखता कशी? नमुना तिरका करून, की दुसऱ्या कशाने? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.