रोझरी म्हणजे पोपटपंची म्हणणाऱ्यांना

सांडोरकर

काल इथे एक पोस्ट आली, 'रोजची रोझरी सोडली आणि प्रार्थना सापडली'. लिहिणाऱ्या ताईंचं म्हणणं असं की रोझरी म्हणजे घरात गुडघ्यावर बसून, हातात माळ घेऊन त्रेपन्न वेळा 'नमो मरिया' ही मरियामातेची प्रार्थना म्हणणं, ही भक्ती नव्हे, सवय आहे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात प्रभूनेच व्यर्थ बडबड करू नका असं बजावलंय. त्यापेक्षा रात्री दहा मिनिटं एकट्याने शांत बसावं. खाली पुष्कळांनी 'अगदी मनातलं लिहिलंत' म्हणून टाकलंय. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या बाबांना २०१९ साली अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आईचं नाव येईना, माझं येईना. पाणी हवं असलं तरी नुसता हात हलवायचे आणि समजलं नाही की रडायचे. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी आईने त्यांच्या खाटेशी रोझरी सुरू केली. तिने 'नमो मरिया'चा पहिला भाग म्हटला आणि उत्तर खाटेवरून आलं. 'पवित्र मरिये'पासून 'आमेन'पर्यंत, सगळं. शब्द जड होते, पण एकही गळला नाही. आई पुढचं म्हणायचीच विसरली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द अशा आजारात कधीकधी शाबूत राहतात. राहू देत. मला त्यातलं वेगळंच लागलं. बाबांना ती प्रार्थना स्वतःहून सुरू करता यायची नाही. आम्ही खूप प्रयत्न करून पाहिले. कोणीतरी पहिला भाग म्हटला तरच त्यांना दुसरा यायचा. पुढची अडीच वर्षं ते आमच्याशी एवढंच बोलले, रोज संध्याकाळी, त्रेपन्न वेळा. एकट्याने दहा मिनिटं शांत बसणाऱ्याला उत्तर कोण देणार?

त्यांच्या तोंडात ते शब्द साठ वर्षांच्या सवयीने बसले होते. सवयीला नावं ठेवणाऱ्यांनी एवढा विचार करावा.

लोकलमधली बाय

ती पोस्ट माझी आहे. तुमच्या बाबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, त्यावर मी काही बोलणार नाही. पण माझ्या घरची रोझरीही ऐका.

लग्न होऊन आले तेव्हा पहाटे साडेचारला उठायचे, डबे करून विरार लोकल पकडायचे, घरी पोचायला आठ वाजायचे. साडेआठला रोझरी. मी चूल आवरेपर्यंत सगळे ताटकळत बसलेले आणि माझ्याकडे बघत असलेले. प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा 'नमो मरियां'च्या आधी, एक हेतू सांगायची पद्धत होती. सासूबाईंचा हेतू रोज ठरलेला: 'आमच्या सुनेला देव सुबुद्धी देवो.' मोठ्याने. नवऱ्यासमोर, दिरासमोर. आणि मी त्यावर 'आमेन' म्हणायचं. नऊ वर्षं म्हटलं.

आता सांगा, मी कुणाला उत्तर देत होते? मरियामातेला की सासूला?

हल्ली मी परतीच्या गाडीत बोरिवली गेलं की डोळे मिटते. संत इग्नाशियसनी शिकवलं तसं दिवस उलगडते. आधी आभार, मग कुठे देव भेटला, कुठे मी चुकले, उद्या काय करायचं. बायका भांडत असतात, भाजी निवडत असतात, आणि त्या गर्दीत मला प्रभू भेटतो. घरातल्या वेदीपुढे तो मला कधी भेटला नाही, हे खरं आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

निवृत्त शिक्षिका, धर्मशिक्षण २८ वर्षं

बाय, तुमच्या सासूबाईंनी केलं ते चूकच. प्रार्थनेच्या आडून टोमणा मारणं हे मी पाप समजते. पण त्याचं खापर रोझरीवर फोडू नका.

मत्तय ६ अर्धवट वाचू नये. त्याच मत्तयच्या २६ व्या अध्यायात येशू गेथशेमानी बागेत तिसऱ्यांदा जातो आणि पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो. स्तोत्र १३६ काढा, सव्वीस ओळी आणि सव्वीस वेळा एकच ध्रुवपद. तेच ते म्हणण्याला प्रभूची हरकत नव्हती. पुष्कळ बोललं की देव ऐकतो या समजुतीला होती.

मात्र हेही सांगते, कारण सांडोरकरांनी ते गाळलं. पोप पॉल सहावे यांनी १९७४ च्या मरियाभक्तीवरच्या पत्रात घरातल्या रोझरीची जोरदार शिफारस केली, आणि त्याच पत्रात मनन नसलेली रोझरी म्हणजे आत्मा नसलेलं शरीर असंही लिहिलं. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मननासाठी असतो, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडलेली प्रकाशाची रहस्यं गुरुवारी. किती घरांत रहस्य सांगून क्षणभर थांबतात? भरधाव गाडी सुटते आणि सतरा मिनिटांत शेवटची लितानी, म्हणजे मरियामातेच्या नावांची विनवणी.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. आजची मुलं रोझरी इंग्रजीत पुटपुटतात. आजी मराठीत सुरुवात करते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. दोघांना एकमेकांचा अर्धा भाग कळत नाही. आईवडिलांनी घरातून मराठी हाकलली, आता देऊळही, म्हणजे चर्चही, इंग्रजी मिस्सेच्या (मुख्य उपासनेच्या) वेळा वाढवतंय.

कुवेतवासी

हे आलंच शेवटी! धागा कुठलाही असो, बाई मराठीवर येणार.

मी चौदा वर्षं इथे आहे. मुलं इथेच जन्मली. शुक्रवारी सुट्टी म्हणून शुक्रवारी मिस्सा, बाजूला केरळी, फिलिपिनो, मंगळुरी, गोंयकार. सगळ्यांची मिळून भाषा इंग्रजी. माझी मुलगी इंग्रजीत रोझरी म्हणते आणि समजून म्हणते. रहस्य तिने बायबल उघडून वाचलेलं असतं. मराठीत पाठ करून घेतली असती तर तीच पोपटपंची झाली असती, जिच्यावर तुम्ही एवढं भांडताय. वसईत बसून परदेशातल्या आईबापांवर 'हाकलली' म्हणून आरोप करणं सोपं आहे.

निवृत्त शिक्षिका, धर्मशिक्षण २८ वर्षं

मी परदेशाचं बोललेच नव्हते. वसईतल्याच घरांचं बोलले, जिथे आजी खाली राहते आणि नातू वरच्या मजल्यावर. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले, मराठी शिकले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण ओवीत लिहून छापलं. दहा हजारांहून जास्त ओव्या. परक्या माणसाने मराठीत भक्ती करावी आणि आपल्या पोरांना 'नमो मरिया' येऊ नये?

मडगांवचो

गोव्यातून मध्येच बोलतो, माफ करा. स्टीफन्सचं पुराण राशोलला छापलं ते रोमन लिपीत, हेही सांगा. त्या माणसाने बघितलं की लोकांच्या कानाला काय गोड लागतं, आणि ते दिलं. तो आज कुवेतला असता तर त्या मुलीला इंग्रजीतच शिकवलं असतं, असं मला वाटतं.

आमच्याकडे तेर्स, म्हणजे रोझरी, कोकणीतच. पण आमची आजी लॅटिनमधले तुकडेही म्हणायची, अर्थ विचारला तर रागवायची. देवाला कळतं, म्हणायची.

निवृत्त शिक्षिका, धर्मशिक्षण २८ वर्षं

'स्टीफन्स आज असता तर' हा पुरावा नव्हे. लिपी रोमन होती, भाषा मराठी होती. त्या ओव्या गावकरी ऐकून पाठ करायचे, त्यांना लिपीशी काय देणंघेणं?

कुवेतवासी

मग माझ्या मुलीला कुठल्या भाषेत ऐकू येतं ते मी ठरवतो, तुम्ही नाही. इथे माझ्या खोलीत आठ जण राहायचे तेव्हा माझा पलंग हेच माझं देऊळ होतं. तेव्हा कोणी विचारायला आलं नाही की कुठल्या भाषेत रडतोस.

आगाशीचा जुना माणूस

वय ७८. दोघांनीही जरा दम घ्या.

मी लॅटिन मिस्सेत वाढलो. फादर पाठमोरे, लॅटिनमध्ये चाललेलं, आणि बायाबापड्या बाकांवर रोझरी ओढत बसलेल्या. कारण पुढचं एक अक्षर कळत नव्हतं. साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत झाली. माझी आय ऐकून घरी आली आणि म्हणाली, 'आज पहिल्यांदा फादर माझ्याशी बोलला.' त्यानंतर तिने मिस्सेत माळ काढली नाही. पण संध्याकाळी घरी काढली, मरेपर्यंत काढली. तेव्हा भाषेने फरक पडतो, बाईंचं बरोबर. आणि जिला इंग्रजी कळतं तिच्याशी देव इंग्रजीत बोलतो, कुवेतवाल्यांचंही बरोबर. माझा नातू इंग्रजीत उत्तर देतो. मला राग यायचा. आता मी त्याचा अर्धा भाग शिकलोय. उच्चार तो सुधारतो.

सांडोरकर

भाषेवर मला काही म्हणायचं नाही. धागा दुसरीकडेच गेला.

बाय, तुमचं 'आमेन' वाचल्यापासून अस्वस्थ आहे. आमच्या घरी माझी बायकोही चूल आवरून शेवटी येऊन बसायची, आणि 'नेहमी उशीर' असं मीच म्हटलेलं आहे. तेव्हा एवढं मान्य करतो: ज्या घरात एकाच्या कष्टावर बाकीच्यांची भक्ती चालते तिथे रोझरी थांबवून आधी भांडी घासायला हवीत. पण रोझरी टाकून द्यावी, हे मात्र मान्य नाही. माझ्या बाबांचा आवाज मला तिथेच मिळाला.

लोकलमधली बाय

भांडी घासायचं लिहिलंत म्हणून उत्तर देते, नाहीतर देणार नव्हते.

सासूबाई आता ८४ च्या आहेत. ऐकू कमी येतं. मी सोडल्यापासून त्या खोलीत एकट्याच दोन्ही भाग म्हणतात, पहिलाही आणि दुसराही. भिंतीपलीकडून ऐकू येतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटू दिलं नव्हतं. तुमची पोस्ट वाचल्यावर काल रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. दुसऱ्या भागाआधी त्या थोडं थांबतात.

मी त्यांना माफ केलेलं नाही. लोकलमधली प्रार्थनाही सोडणार नाही, ती माझी आहे. आणि हेतू सांगायची पद्धत माझ्या घरात परत सुरू होणार नाही. पण आज दारात उभं राहून एक दशक दुसरा भाग म्हणून बघेन. एकच.

निवृत्त शिक्षिका, धर्मशिक्षण २८ वर्षं

आज मंगळवार, दुःखाची रहस्यं. पहिलं गेथशेमानीचं.