जालन्याच्या नोकऱ्या आणि पगाराचे आकडे पीएलएफएसमधून काढता येतील का?

आराखडा_जालना

जिल्हा कौशल्य आराखड्यासाठी दोन आकडे हवे आहेत: जालन्यात फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किती आहेत आणि त्यांच्या हातात महिन्याला किती पडतात. पीएलएफएसच्या (सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या) २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या कच्च्या फायली मायक्रोडेटा पोर्टलवरून उतरवून आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वाचल्या. तीन ठिकाणी गाडी अडते.

१. मल्ट या रकान्याची (भार, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा) बेरीज घेतली की एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या हजारो कोटींत जाते.
२. जालन्याचे पगारदार नमुन्यात थोडेच आहेत, वेल्डर तर बोटांवर मोजण्याइतके.
३. स्टेटस ३१ (नियमित पगारदार) असूनही काहींची कमाई शून्य दिसते.

यापेक्षा ईपीएफओचे (भविष्य निर्वाह निधी संघटनेचे) आकडे सरळ वापरले तर चालतील का?

थर_आणि_उपथर

भारांचं आधी मिटवू. मल्टमध्ये शेवटची दोन स्थळं दशांशाची असतात, पण टिंब छापलेलं नसतं. त्यामुळे एनएसएस आणि एनएससी हे रकाने (एका उपनमुन्यातल्या आणि एकत्र नमुन्यातल्या घटकांची संख्या) सारखे असतील तर १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने. वार्षिक आकड्यासाठी त्याला पुन्हा तिमाहींच्या संख्येने भागायचं. ही संख्या फाइलमध्येच वेगळ्या रकान्यात दिलेली असते, तीच घ्या. सरसकट ४ ठोकू नका, कारण काही थर (नमुना काढण्यासाठी पाडलेले गट) चारही तिमाहींत आलेले नसतात. शिवाय वार्षिक आकड्यासाठी फक्त पहिल्या भेटीची फाइल वापरा. शहरी पुनर्भेटीची फाइल त्याखाली चिकटवली की तीच घरं पुन्हा मोजली जातात.

भार न लावता नुसती सरासरी काढू नका, पगाराची तर नकोच. घरं निवडताना त्यांचे गट पाडतात ते घरात दहावी किंवा पुढे शिकलेले किती जण आहेत यावरून, आणि शिकलेल्यांची घरं त्यांच्या खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त घेतलेली असतात. भाराशिवाय काढलेला पगार त्यामुळे हमखास फुगतो.

भार बरोबर लागले का ते तपासायला राज्याचा १५ वर्षांवरील श्रमबल सहभाग दर (काम करणारे किंवा शोधणारे किती टक्के) काढा आणि त्या वर्षाच्या अहवालातल्या तक्त्याशी लावून पाहा. पहिल्या दशांशापर्यंत जुळला पाहिजे. तो जुळेपर्यंत जिल्ह्याकडे वळण्यात अर्थ नाही.

दर जुळला तरी माणसांची एकूण बेरीज अपेक्षित लोकसंख्येपेक्षा कमीच भरेल. हा दोष तुमच्या कोडचा नाही. गावांच्या निवडीची चौकट २०११ च्या जनगणनेवर उभी आहे. म्हणून सर्वेक्षणातून फक्त प्रमाण उचलायचं आणि माणसांची संख्या काढायला ते २०११-२०३६ च्या अधिकृत लोकसंख्या प्रक्षेपणाला लावायचं.

आता जालना. डिसेंबर २०२४ पर्यंतच्या रचनेत ग्रामीण भागाचा मूळ थर जिल्हा नव्हता, एनएसएस विभाग (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने पाडलेला जिल्ह्यांचा गट) होता. महाराष्ट्राचे असे सहा विभाग: किनारी, अंतर्गत पश्चिम, अंतर्गत उत्तर, अंतर्गत मध्य, अंतर्गत पूर्व आणि पूर्व. जालना अंतर्गत मध्यमध्ये, म्हणजे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या गठ्ठ्यात. जिल्ह्याचा कोड फाइलमध्ये आहे खरा, पण नमुना जिल्ह्याचं चित्र दाखवायला बांधलेलाच नाही. गणितच बघा. समजा जालन्याचे १५० कामकरी सापडले आणि त्यांतले ३० टक्के पगारदार निघाले. गावांचे गठ्ठे निवडल्यामुळे व्हेरिअन्स दुप्पट धरला तर प्रमाण-त्रुटी (स्टँडर्ड एरर) ५.३ टक्के-बिंदू येते. म्हणजे खरा आकडा साधारण २० ते ४० टक्क्यांत कुठेही असू शकतो. त्यातून वेल्डर वेगळे काढायचे म्हणजे आकड्यांचा सोस झाला.

जानेवारी २०२५ पासून रचना बदलली. बहुतेक ठिकाणी जिल्हाच मूळ थर झाला, पहिल्या टप्प्याचे घटक (निवडलेली गावं आणि शहरी ब्लॉक) १२,८०० वरून २२,६९२ झाले, दर घटकात ८ ऐवजी १२ घरं आली, वर्षही जुलै-जून ऐवजी जानेवारी-डिसेंबर झालं. जिल्ह्यासाठी तो डेटा बराच बरा आहे. मात्र एकच घर सलग चार महिने येतं, म्हणून चार भेटी म्हणजे चौपट नमुना असं समजू नका. त्रुटी काढताना गठ्ठा पहिल्या टप्प्याच्या घटकावर बांधा. आणि जुनी मालिका नव्याला जोडून "वाढ" दाखवू नका, तो रचनेतला फरक असेल.

रोजंदारी_ते_मासिक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कमाई चालू साप्ताहिक स्थितीच्या (गेल्या सात दिवसांतल्या कामाच्या) भागात नोंदवलेली असते आणि तुम्ही बहुतेक नेहमीच्या (वर्षभराच्या) स्थितीवर फिल्टर लावलाय. वर्षभर पगारदार असलेला माणूस त्या आठवड्यात बेकार किंवा शेतावर असू शकतो. फिल्टर साप्ताहिक स्टेटसवर लावा: ३१, शिवाय ७१ आणि ७२ (नोकरी आहे, पण आजारपणाने किंवा दुसऱ्या कारणाने त्या आठवड्यात काम केलं नाही). उद्योग आणि व्यवसायाचे कोडही साप्ताहिक रकान्यांतलेच घ्या.

तिन्ही प्रकारच्या कमाईचा काळ वेगळा आहे. पगारदाराची मागच्या कॅलेंडर महिन्याची, स्वयंरोजगाराची गेल्या ३० दिवसांची, रोजंदारीची सात दिवसांतल्या एकेका दिवसाची. रोजंदारी मासिक करायला लोक दिवसाचा दर गुणिले २६ करतात आणि मजूर कागदावर श्रीमंत होतो. सातही दिवसांची मजुरी बेरजेला घ्या, काम न मिळालेला दिवस शून्य धरा आणि त्या आठवड्याच्या बेरजेला ३०/७ ने गुणा. स्टेटस २१, म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारे, कमाईच्या हिशेबातून बाहेर. रोजगाराच्या मोजणीत मात्र ते आत.

सरासरी नको, भारित मध्यक (भार लावून रांगेतला मधला आकडा) द्या. लोक पगार १०,०००, १२,०००, १५,००० असा गोल सांगतात, त्यामुळे मध्यक अशा आकड्यावर चिकटतो आणि पुढच्या वर्षी एकदम उडी मारतो. सोबत २५ वं आणि ७५ वं शतमक द्या.

व्यवसायाचा कोड तीनच अंकी आहे, त्यामुळे नुसता "वेल्डर" मिळणारच नाही. ७२१ मध्ये पत्राकाम, साचेकाम आणि वेल्डिंग एकत्र, फिटर-मेकॅनिक ७२३ मध्ये, इलेक्ट्रिशियन ७४१ मध्ये. हे एनसीओ (राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण) २०१५ चे कोड. पीएलएफएसची सुरुवातीची वर्षं एनसीओ २००४ वर होती आणि त्यात ७४१ म्हणजे अन्नप्रक्रिया कामगार! नमुना वाढवायला २०१७-१८ वगैरे सरळ जोडलं तर इलेक्ट्रिशियनांत बेकरीवाले मिसळतील.

आराखडा_जालना

साप्ताहिक स्टेटस लावल्यावर शून्यं जवळपास गेली, धन्यवाद. मग मराठवाडा विभागाची तीन वर्षं एकत्र करून पगार काढतो. ईपीएफओचं काय?

हजेरीपट

तीन वर्षं जोडताना भारांना ३ ने भागा आणि पगार एका वर्षाच्या किमतींवर आणा. ग्रामीणला राज्याचा ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांक, शहरीला शहरी, आणि तो सर्वेक्षणाच्या महिन्यांच्या सरासरीने. पायाभूत वर्ष बदललेली मालिका मध्येच घुसवू नका.

ईपीएफओचे पेरोल आकडे म्हणजे नव्या नोकऱ्या नव्हेत. नवे सभासद, सोडून गेलेले आणि परत आलेले यांचा तो निव्वळ हिशेब आहे. वीस माणसांच्या उंबरठ्यावरचा कारखाना पहिल्यांदा नोंदला गेला की दहा वर्षं काम करणारा फिटरही "नवा" दिसतो. आकडे तात्पुरते असतात, पुढच्या महिन्यांत बदलतात, त्यामुळे ताजा महिना उचलू नका. आणि भूगोल आस्थापनेच्या नोंदणीचा असतो. मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी पुण्यात नोंदलेली असेल तर जालन्याच्या स्टील मिलमधला कंत्राटी कामगार पुण्यात मोजला जाईल. पीएलएफएस उलट घराच्या पत्त्यावर मोजतं: पालघरला राहून मुंबईत काम करणारा पालघरचा. एकाला अंश आणि दुसऱ्याला छेद करून काढलेला "औपचारिकतेचा दर" निरर्थक असतो.

कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग सर्वेक्षण बघा. नोंदणीकृत कारखाने त्यात येतात, थेट आणि कंत्राटी कामगार वेगळे मिळतात. गॅरेज, फॅब्रिकेशनचं दुकान मात्र त्यात नाही, त्यांच्यासाठी एएसयूएसई हे अनिगमित (कंपनी म्हणून न नोंदलेल्या) उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण. किमान वेतनाची अधिसूचना पगाराचा पुरावा म्हणून जोडू नका. मूळ दर अधिक विशेष भत्ता ही कायद्याने ठरवलेली पातळी झाली, प्रत्यक्ष दिलेली रक्कम वेगळी असते.

थर_आणि_उपथर

मराठवाड्यासाठी एक जोड. तिमाहीनुसार तुकडे पाडू नका. ऊसतोडीच्या हंगामात माणसं गावात नसतात, आणि सहा महिने किंवा जास्त बाहेर असलेल्याला घराच्या यादीत धरत नाहीत. हिवाळ्यातला रोजंदारीचा आकडा आणि पावसाळ्यातला आकडा वेगवेगळ्या माणसांचा असतो.

हजेरीपट

आणि जालन्याचा स्वतःचा पगाराचा आकडा हवाच असेल तर एमआयडीसीतल्या २५-३० युनिटना एक पानी फॉर्म द्या. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड वेगळे, ०-२ वर्षं अनुभव आणि ५ वर्षांवर असे दोन गट, थेट आणि कंत्राटी वेगळे, मागच्या महिन्याच्या मस्टरवरची डोकी आणि ओव्हरटाइम वगळून हातात पडलेली रक्कम. "पगार किती देता" असं विचारलं की कंपनीचा एकूण खर्च सांगतात, म्हणून मस्टरच मागा. रिक्त जागा विचारताना "गेल्या तीन महिन्यांत किती जण घेतले आणि किती सोडून गेले" असं विचारा. नुसतं "किती हवेत" विचारलं की प्रत्येक जण दहा सांगतो. तक्त्यात या आकड्यांशेजारी मराठवाडा विभागाचा पीएलएफएस मध्यक ठेवा, नमुन्याची संख्या दोन्हीखाली छापा, आणि ३० पेक्षा कमी नमुना असलेला खाना रिकामा सोडा.