टीटीएल कमी केल्यानं भागत नाही
कॅशे म्हणजे सर्व्हरवरच्या डेटाची क्लायंटनं (म्हणजे आपल्या अ‍ॅपनं) स्वतःजवळ ठेवलेली प्रत, आणि टीटीएल म्हणजे ती प्रत किती वेळ वापरायची ती मुदत. टीटीएल पाच सेकंदांवर आणला की क्लायंटची कॅशे ताजी राहते, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ते पटलं नाही. तेवढा वेळ जुना डेटा दिसतोच, शिवाय सर्व्हरवर भार वाढतो. रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये, २०२० मध्ये आलेल्या आवृत्ती ६ पासून, क्लायंट ट्रॅकिंग आहे. कोणत्या क्लायंटनं कोणती 'की' (डेटाच्या नोंदीचं नाव) वाचली हे सर्व्हर लक्षात ठेवतो आणि ती बदलली की निरोप धाडतो.

पण कनेक्शन तुटलं तर काय, हे कुणीच काढलं नाही. जळगावातून आम्ही रावेर-सावद्याचे केळीभाव दाखवतो. लाइन गेली की मधले निरोप कायमचे हुकतात, सर्व्हर ते पुन्हा पाठवत नाही. भाव उतरलेला असतो, स्क्रीनवर सकाळचाच, आणि शेतकरी त्यावर विसंबून घड कापायला लावतो. म्हणून कनेक्शन तुटताक्षणी लोकल कॅशे सगळी रिकामी करायची. निरोपांचं कनेक्शन वेगळं असेल तर त्यावर अधूनमधून पिंगही (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारा छोटा संदेश) हवंच.