'स्'ला अक्षराबाहेर ठेवणं ही पळवाट नाही

अक्षर म्हणजे इथे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा (syllable): 'पुस्तक'मध्ये पुस्-तक असे दोन. 'काही ध्वनी अक्षररचनेत बसतच नाहीत' असं म्हणणं ही अक्षरांचा सिद्धांत वाचवायची पळवाट आहे, असा आक्षेप घेतला जातो. अगदीच तसं नाही हो. संस्कृतातला अभ्यास बघा (परीक्षेचा नव्हे; धातूचं रूप करताना त्याचा सुरुवातीचा भाग दोनदा येतो, त्यातला पहिला तुकडा). 'द्रु' धातूचं दुद्राव होतं, म्हणजे जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन टिकतं. 'स्मृ'चं सस्मार, तेही नियमातच. पण 'स्पृश्'चं पस्पर्श! 'स्था'चं तस्थौ! इथे 'स्' जणू हिशेबातच नाही. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच केलंय: शर्पूर्वाः खयः (७.४.६१). अघोष स्पर्शाआधी (क्, त्, प् अशा व्यंजनांआधी) श्, ष्, स् आले की अभ्यासात स्पर्श ठेवायचा, बाकी गाळायचं. आपल्याकडे खेड्यात स्टेशनचं 'ठेसन' होतं, तेव्हाही गळतो तो सुरुवातीचा 'स्'च. मात्र 'पुस्तक'मधलाही 'स्' कुणी बाहेर काढू लागलं, तर माझाही आक्षेप. तिथे तो 'पु'ला सुखाने चिकटतो.