अशक्य वाटणारे पाचारण : विश्वास कोणता आणि अविचार कोणता?

जिज्ञासू : निराधार वृद्धांसाठी आश्रय उभारण्याचे काम देव माझ्यावर सोपवीत आहे, अशी जाणीव प्रार्थनेत मला पुन्हापुन्हा होते, परंतु माझ्यापाशी ना पैसा आहे, ना अनुभव. पवित्र शास्त्रातील विश्वासवीर कसलीही शंका न घेता निघाले, असे आपण ऐकत आलो आहोत. मग माझ्या मनातील प्रश्न हा अविश्वासच समजावा काय? आणि ही हाक माझ्याच महत्त्वाकांक्षेची नाही, हे कसे ओळखावे?

सहप्रवासी : ते शंका न घेता निघाले, हे शास्त्राला धरून नाही. इस्राएल लोकांना मिसर देशाच्या दास्यातून सोडवण्यास देवाने सांगितले, तेव्हा जळत्या झुडपापाशी मोशेने एकामागून एक अडचणी मांडल्या आणि देवाने प्रत्येकीचे उत्तर दिले. देवाचा कोप झाला तो मोशेने ‘दुसऱ्या कोणाला तरी पाठव’ असे म्हटल्यावर. मिद्यानी शत्रूशी लढण्यास देवाने पाठवलेल्या गिदोनाचे तर याहून विलक्षण आहे. त्याचे 32,000 लोक घटवून देवाने 300 च ठेवले, पण लढाईच्या रात्री ‘तुला भीती वाटत असेल तर चाकराला घेऊन छावणीकडे जा’ असेही सांगितले. तो गेला, त्याचाच विजय सुचवणारे शत्रूच्या शिपायाचे स्वप्न कानी पडले आणि त्याला धीर आला. त्याच्या भीतीबद्दल देवाने त्याला एका शब्दानेही दोष दिलेला नाही.

अभ्यासक : वरील मताशी मी सहमत आहे, मात्र गिदोनाने मागितलेली लोकरीची खूण (लोकर दवाने भिजावी, पण भोवतालची भूमी कोरडी राहावी) हा अनुकरणीय नमुना मानू नये, देवाने काय सांगितले आहे ते आपल्याला ठाऊक असल्याचे गिदोन ती खूण मागतानाच बोलून दाखवतो. आपल्या प्रश्नाला यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधणारा, पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या अधिक जवळचा आहे. यरुशलेमेची दुर्दशा ऐकल्यावर त्याने किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, उपवास व प्रार्थना केली. मग राजाकडे सुरक्षित प्रवासासाठी पत्रे आणि लाकूड मागितले, आणि तेथे पोहोचल्यावर कोणाला न सांगता रात्री तटाची पाहणी केली. विरोध वाढला तेव्हा त्याने प्रार्थनाही केली आणि पहाराही बसवला. तट 52 दिवसांत पुरा झाला, हे आपण आवडीने सांगतो. आधीचे चार महिने मात्र सहसा कोणी सांगत नाही. महत्त्वाकांक्षेला असे थांबवत नाही, असे माझे मत आहे. आपण मंडळीतील वडीलजनांपुढे ही गोष्ट मांडली आहे काय?

जिज्ञासू : नाही. ते नकार देतील, अशी धास्ती होती.

सहप्रवासी : मग तेथूनच सुरुवात करावी. पाण्यावरून येशूकडे चालत जाण्यापूर्वी त्याचा शिष्य पेत्रसुद्धा ‘येण्याची आज्ञा कर’ असे म्हणून, येशूचा ‘ये’ हा शब्द ऐकल्यावरच तारवातून उतरला. वडीलजनांनी नकार दिला, तर त्याची कारणे येथे अवश्य लिहावीत. त्यांत नहेम्याच्या पाहणीसारखे काही उपयोगाचे निघू शकेल.