मदत हवी आहे: थंडीत उभ्या बाइकची बॅटरी, चार्जर सतत लावून ठेवायचा का अधूनमधून?

बाइक थंडीचे साडेतीन महिने बंद उभी राहणार आहे. बॅटरी १२ व्होल्ट ९ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) सीलबंद एजीएम (आतलं आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली लेड-ॲसिड बॅटरी), म्हणजे पाणी टाकायचा प्रश्नच नाही. किक नाहीये, त्यामुळे बॅटरी गेली की खेळ खल्लास.

मागच्या थंडीत दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवायचो, तरी शेवटी सेल्फ दाबला की नुसती टकटक आणि मीटरचे दिवे मंद, मल्टीमीटर लावला तर ११.९ व्होल्ट. आयडलवर तेवढ्या वेळात सेल्फने खाल्लेलंही धड भरून निघत नाही हे नंतर कळलं, तोवर नवीन बॅटरी घ्यावी लागली होती.

यंदा फुल चार्ज करून निगेटिव्ह वायर काढून ठेवलीये (अलार्म आणि घड्याळ सारखं थोडं थोडं ओढतात). तेव्हा १२.८ होतं, तीन आठवड्यांनी १२.७.

पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही, पण बॅटरी काढून घरात आणता येईल. घरी कारचा जुना चार्जर आहे, तो ६ अँपिअरचा आणि आपोआप बंद न होणारा, एवढ्याशा बॅटरीला लावायची हिंमत नाही. म्हणून १ अँपिअरचा ऑटोमॅटिक, एजीएम मोडवाला घ्यायचा विचार आहे. लिथियम बॅटरी घे हा सल्ला कृपया नको, ही आत्ताच घेतलीये.

तर ज्यांनी दोन-तीन थंड्या असं केलंय त्यांनी सांगा, असा चार्जर चोवीस तास लावून ठेवला तर एजीएमला काही होतं का, की व्होल्टेज १२.५ च्या आसपास आलं की रात्रभर लावून काढून ठेवलेलं बरं?